चाल आणि शब्द : टॉमस मूरच्या आयरिश गीतांविषयी

आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली असतील, त्यांना पदाच्या डोक्यावर छापलेला ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे दिलेले एखाद्या लावणीचे किंवा जुन्या पदाचे नाव चांगले परिचयाचे असेल. नाटककार शब्द लिहावयास बसे तेव्हा चाल आधीच त्याच्या कानात घोळत असे. शब्दांनी त्या चालीच्या घरात राहावयास जायचे, एवढेच काय ते उरे. टॉमस मूरच्या ‘आयरिश मेलडीज’चे पान उघडले म्हणजे मराठी वाचकाला प्रथम ह्या जुन्या खुणेची आठवण होते. तेथेही प्रत्येक गीताच्या माथ्यावर जुन्या आयरिश चालीचे नाव छापलेले आहे, आणि तेथेही चाल आधी व शब्द मागाहून आले आहेत. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही, की त्या चालींवर पूर्वी जे शब्द होते ते आयरिश भाषेतील होते आणि मूरने घातलेले शब्द इंग्रजी आहेत.

मूरविषयी मतभेद होतात ते सगळे ह्या एका फरकाभोवती होतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी समजणाऱ्या जगात त्याची गीते जेथे पियानो होता तेथे तेथे पोहोचली. विसाव्या शतकात त्याच्याच देशातील टीकाकारांनी त्याला दिवाणखान्यातला शाहीर ठरवून बाजूस सारले. भारतीय लेखकाला ह्या वादात परक्याप्रमाणे दूर उभे राहून चालत नाही. जिंकणाऱ्याच्या भाषेत जिंकलेल्याची स्मृती टिकवता येते काय, आणि टिकवली तर तिचे मोल काय द्यावे लागते, हा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

मूरचा जन्म २८ मे १७७९ रोजी डब्लिनमधील आँजिअर स्ट्रीटवर, वडिलांच्या वाणसामानाच्या दुकानाच्या माडीवर झाला. वडील केरी परगण्यातले, आई ॲनास्टेशिया वेक्सफर्डची. दोघेही कॅथलिक, म्हणजे स्वतःच्याच देशात अनेक हक्कांना मुकलेली प्रजा. मुलाने इंग्रजी अस्खलित बोलावे, कविता म्हणून दाखवाव्यात, चारचौघांत गावे, ह्याची हौस आईला फार. सॅम्युएल व्हाइट ह्यांच्या ज्या शाळेत नाटककार शेरिडन शिकला होता, त्याच शाळेत तिने त्याला घातले. १७९३च्या कायद्याने कॅथलिकांना ट्रिनिटी कॉलेजचे दार उघडले आणि त्यानंतर थोड्याच काळात मूर तेथे दाखल झाला. परंतु तेथील शिष्यवृत्ती मात्र कॅथलिकाला मिळण्याची सोय नव्हती.

ट्रिनिटीत त्याला दोन मित्र भेटले आणि त्या दोघांनी त्याचे आयुष्य ठरवले, असे म्हणण्यास हरकत नाही. एक एडवर्ड हडसन, उत्तम बासरी वाजवणारा; त्याच्यामुळे मूरला एडवर्ड बंटिंगच्या संग्रहाची ओळख झाली. दुसरा रॉबर्ट एमेट. मूरने पुढे स्वतःच सांगितलेली एक आठवण आहे. तो पियानोवर ‘तांबडा कोल्हा’ नावाची एक जुनी चाल वाजवीत होता आणि शेजारी बसलेला एमेट एकाएकी ताडकन उठून म्हणाला, ह्या सुरावर चालणाऱ्या वीस हजार माणसांच्या अग्रभागी मी असतो तर! १७९८च्या मार्च महिन्यात हडसन पकडला गेला. एप्रिलमध्ये लॉर्ड क्लेअर ह्यांनी कॉलेजातच चौकशी मांडली; विद्यार्थ्यांना शपथेवर प्रश्न विचारण्यात आले. दुसऱ्यांना गोवतील अशा प्रश्नांची उत्तरे देण्यास अठरा वर्षांच्या मूरने नकार दिला, आणि कसाबसा निभावून गेला. एमेट मात्र कॉलेज सोडून गेला. २३ जुलै १८०३ रोजी त्याने डब्लिनमध्ये उठाव केला, तो काही तासांतच मोडला गेला, आणि २० सप्टेंबरला त्यास फाशी झाली. आपल्या थडग्यावर कोणी काही लिहू नये, असे त्याने न्यायालयात सांगितले होते.

मूर त्या वेळी कोठे होता? इंग्लंडात. १७९९ मध्ये तो कायदा शिकावयास लंडनला गेला होता. १८०० मध्ये त्याने ॲनाक्रिऑनच्या ग्रीक काव्याचे भाषांतर प्रसिद्ध करून ते प्रिन्स ऑफ वेल्सला अर्पण केले होते. आणि लॉर्ड मॉयरा ह्यांच्या वशिल्याने बर्म्युडा बेटावरील आरमारी न्यायालयात निबंधकाची जागा मिळवून तो १८०३च्या त्याच सप्टेंबर महिन्यात जहाजावर चढला. मित्राला फाशी देणाऱ्या सरकारचीच ही चाकरी होती. ह्यावरून मूरला भित्रा किंवा संधिसाधू म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते म्हणणे अर्धे खरे वाटते. वाण्याच्या मुलाला पोट भरावयाचे होते, आणि इंग्रज सरदारांच्या ओळखीवाचून ते भरण्याचा मार्ग त्या काळी कॅथलिक लेखकाजवळ नव्हता. परंतु एमेटची आठवण त्याने टाकून दिली नव्हती. ती बाहेर कशी काढावी, हे मात्र त्याला अजून उमगलेले नव्हते.

बर्म्युडात तो काही महिनेच राहिला. कामावर एक बदली माणूस नेमून अमेरिका व कॅनडा पाहून तो परतला. १८०६ मध्ये त्याच्या कवितांवर ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये फ्रान्सिस जेफ्रीने सडकून टीका केली, तेव्हा मूरने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. पोलिसांनी वेळीच येऊन दोघांना धरले; तपासणीत जेफ्रीच्या पिस्तुलात गोळीच नसल्याचे आढळले आणि सगळ्या लंडनला हसावयास विषय मिळाला. बायरनने त्यावर विनोद केला, मूर त्याच्यावरही उखडला. अखेरीस १८११ मध्ये दोघांची भेट झाली आणि त्यातून दृढ स्नेह जमला. समीक्षक आणि कवी ह्यांच्यातील संबंध इतके प्रामाणिक पुन्हा क्वचितच राहिले असतील.

आता त्या चालींकडे वळू. १७९२च्या जुलै महिन्यात बेलफास्ट येथे जुन्या परंपरेतल्या हार्पवादकांचा मेळावा भरला होता. आयर्लंडातून जेमतेम दहा वादक आले. त्यांत कित्येक आंधळे होते. डेनिस हेम्पसन नव्वदी उलटून गेलेला होता आणि जुन्या पद्धतीप्रमाणे वाढवलेल्या नखांनी तारा छेडीत होता. ह्या वादकांच्या चाली लिहून घेण्यासाठी एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगची नेमणूक झाली होती. त्या नेमणुकीने त्याचे सारे आयुष्य व्यापले. त्याचा पहिला संग्रह १७९६ मध्ये निघाला, दुसरा १८०९ मध्ये, तिसरा १८४० मध्ये. बंटिंगने शब्दांचीही अगदीच उपेक्षा केली नाही. १८०२ मध्ये पॅट्रिक लिंच नावाच्या आयरिश जाणणाऱ्या माणसाला पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतात पाठवून गीते गोळा करविली. पण ती आयरिश गीते त्याच्या संग्रहांतून छापली गेली नाहीत. म्हणजे चालींवरून शब्द गळून पडण्याची क्रिया मूरच्या आधीच सुरू झालेली होती, हे त्याच्यावर दोष ठेवताना विसरता कामा नये.

विल्यम आणि जेम्स पॉवर ह्या प्रकाशक बंधूंनी, एकाचे दुकान डब्लिनला व दुसऱ्याचे लंडनला, मूरला ह्या चालींवर इंग्रजी गीते रचण्यास सांगितले. साथीचे स्वरलेखन सर जॉन स्टीव्हन्सन ह्यांच्याकडे आले. पहिला भाग १८०८ मध्ये निघाला आणि दहावा १८३४ मध्ये. पॉवरकडून मूरला वर्षाकाठी पाचशे पौंड मिळू लागले. ह्या गीतांचा पहिला गायकही स्वतः मूरच होता. लहानखुरा देह, बारीक आवाज. पियानोशी बसून तो गाई म्हणण्यापेक्षा सुरात बोले असे म्हणावे लागेल. ताल तो शब्दांच्या ओढीप्रमाणे सैल सोडी. ऐकणाऱ्या स्त्रिया रडत, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. ज्या सरदारांच्या पक्षाला आयर्लंडविषयी सहानुभूती होती त्यांच्याच घरी हे गाणे होई, हे खरे. परंतु ती सहानुभूती किती गाण्यामुळे टिकली आणि गाणे किती सहानुभूतीमुळे, हे सांगणे सोपे नाही.

पहिल्याच भागात एमेटवरचे गीत आहे. त्यात एमेटचे नाव नाही. नाव उच्चारू नका, असेच ते गीत सांगते. ‘थडग्यावर लिहू नका’ ह्या मृताच्या इच्छेला कवीने गीताच्या रचनेतच स्थान दिले आणि उच्चार टाळूनच आठवण जागी ठेवली. जे ठाऊक असणाऱ्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी ते शोकगीत. इतरांसाठी एक सुंदर, अंमळ धूसर कविता. उठावाला पुरी पाच वर्षेही झालेली नसताना हे गीत लंडनच्या दिवाणखान्यांतून गाइले गेले आणि त्याबद्दल कोणावर खटला भरला गेला नाही. ह्या संदिग्धतेला कोणी भीरुता म्हणेल. मला ती येथे काव्यगुण वाटते. चालीला जे ठाऊक होते ते शब्दांनी बोलून दाखविण्याची गरज नव्हती. एमेटची प्रेयसी सेरा करन हिच्यावरही त्याने असेच एक निनावी गीत लिहिले. आणि ज्या ‘तांबड्या कोल्ह्या’वर एमेट उठून उभा राहिला होता, त्या चालीवर त्याने आयर्लंडच्या गतवैभवाचे गीत बसविले.

मात्र प्रत्येक वेळी ही जुळणी इतकी नेमकी नाही. पुष्कळ गीतांत अश्रू, स्मित, इंद्रधनुष्य, तारे ह्यांची नित्याची ये-जा आहे. एकामागून एक वीस गीते वाचली तर साखर जास्त झाल्यासारखे होते. हॅझ्लिटने १८२५ मध्ये त्याच्यावर आरोप केला की आयर्लंडच्या रानटी हार्पची ह्याने तपकिरीची वाजती डबी करून टाकली. हे वाक्य झोंबणारे आहे आणि सर्वस्वी अन्यायाचे नाही. १८१० मध्ये तिसऱ्या भागाला जोडलेल्या पत्रात मूरने स्वतःच कबुली दिली होती की आपली गीते संतप्त जमावासाठी नसून ज्यांच्या घरी पियानो आहे अशांसाठी आहेत. बंटिंगची तक्रार वेगळी होती : शब्दांच्या सोयीसाठी मूर चाली मोडतो. १८४० मध्ये ती छापून आली तेव्हा मूरने रोजनिशीत लिहिले की आपण ही मोकळीक घेतली नसती तर त्यांतल्या कित्येक चाली बंटिंगच्या ग्रंथातच झोपून राहिल्या असत्या. दोघेही खरे बोलत होते, म्हणूनच हा तंटा मिटण्याजोगा नव्हता. उन्हाळ्यातील शेवटच्या गुलाबावरचे त्याचे गीत पाहावे. ‘ब्लार्नीची वनराई’ ह्या नावाने ती चाल एका थट्टेखोर गाण्याशी बांधली गेली होती. मूरने तिला संथ केले आणि तीतून विरहाचे गीत काढले. १८४७ मध्ये फ्लोटोने ते आपल्या ‘मार्था’ ह्या ऑपेरात घेतले, आणि आयर्लंड कधी न पाहिलेल्या युरोपला तेच आयर्लंडचे गाणे वाटू लागले.

मूरच्या चरित्रात भारत दोनतीन वाटांनी येतो, आणि त्यांतील पहिली वाट महाराष्ट्राच्या इतिहासाला अनपेक्षितपणे जाऊन मिळते. १८१२ मध्ये लॉर्ड मॉयरा ह्यांची भारताच्या गव्हर्नर जनरलच्या जागी नेमणूक झाली. हेच पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाले आणि ह्यांच्याच कारकीर्दीत १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मूरने आपला १८०६चा संग्रह त्यांना अर्पण केला होता. आता ते आपल्याला एखादी बरी जागा देतील अशी त्याची आशा होती. मॉयरांनी भारतातील आपल्या नेमणुकांच्या मोबदल्यात इंग्लंडातच काही मिळवून देण्याची भाषा केली. मूरने ते नाकारले आणि लेखणीवर जगावयाचे ठरविले. स्टॅफर्डशरमधल्या एका झोपडीवजा घरात, ग्रंथालयातून आणलेल्या प्रवासवर्णनांच्या गराड्यात बसून, त्याने न पाहिलेल्या हिंदुस्थानावर ‘लाला रूख’ लिहिले. लाँगमन प्रकाशकांनी हस्तलिखित न पाहता तीन हजार गिनी देऊ केल्या होत्या. १८१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. औरंगजेबाची कल्पित कन्या लाला रूख दिल्लीहून काश्मीरला विवाहासाठी निघते आणि वाटेत फेरामोर्झ नावाचा तरुण कवी तिला चार कथाकाव्ये ऐकवितो, असा त्याचा साचा आहे. त्यातील हिंदुस्थान गुलाबजल शिंपडलेला, पानोपानी तळटीपांनी सजविलेला आहे. भारतीय वाचकाला त्यात स्वतःची माती सापडणार नाही. परंतु ‘अग्निपूजक’ हे तिसरे काव्य वेगळे आहे. अरबांनी जिंकलेल्या इराणात आपला धर्म न सोडणारे मूठभर झरथुष्ट्री, त्यांचा नायक हाफेद, एका फितुराने केलेला घात आणि अग्नीत घेतलेली अखेरची उडी, ह्या कथेत इराणचा वेष घेतलेले आयर्लंड आहे. हा विषय सुचेपर्यंत आपले काम रखडत होते, असे मूरनेच पुढे लिहिले आहे. इंग्रजांना ज्या गोष्टी त्याने आयर्लंडचे नाव घेऊन कधी ऐकविल्या नसत्या, त्या त्याने पूर्वेच्या पडद्याआडून ऐकविल्या आणि त्यांनी त्यासाठी पैसे मोजले. शूमानने १८४३ मध्ये संगीतबद्ध केले ते ह्याच ग्रंथातील परीचे काव्य.

दुसरी वाट कलकत्त्याची. हिंदू कॉलेजचा तरुण शिक्षक हेन्री डेरोझिओ ह्याने १८२७च्या संग्रहात भारताच्या मूक हार्पला उद्देशून सुनीत लिहिले, त्यात मूरच्या हार्पचा झंकार स्पष्ट आहे. हार्प हे वाद्य भारतात कोणाच्या घरी होते, असा प्रश्न येथे विचारण्याचा मोह होतो. पण डेरोझिओला वाद्य नव्हे, त्यामागचा पराभूत देश हवा होता. त्याच कॉलेजात पुढे शिकलेल्या मायकेल मधुसूदन दत्तांनी १८४२च्या सुमारास मित्राला लिहिलेल्या पत्रात मूरकृत बायरनचरित्र वाचीत असल्याचे सांगून, आपण थोर कवी झालो तर मित्राने आपलेही असे चरित्र लिहावे, अशी इच्छा बोलून दाखविली. मूर गाऊन आपल्या भाषेकडे परतू शकला नाही. मधुसूदन इंग्रजीतून बंगालीकडे परतले.

त्या बायरनचरित्राची कथा दुःखाची आहे. बर्म्युडातील बदली माणसाने अफरातफर केल्याचे १८१८ मध्ये उघडकीस आले आणि सहा हजार पौंडांच्या घरातील जबाबदारी मूरवर आली. तुरुंग चुकविण्यासाठी १८१९ मध्ये तो युरोपात निघून गेला. त्याच वर्षी व्हेनिसजवळ बायरनने आपल्या आठवणींचे हस्तलिखित त्याच्या हाती ठेवले. मूरने ते मरी प्रकाशकाला दोन हजार गिनींना विकले. १८२४च्या एप्रिलमध्ये बायरन वारला, आणि १७ मे रोजी लंडनमध्ये मरीच्या दिवाणखान्यातील चुलाण्यात ते हस्तलिखित जाळण्यात आले. मूरचा विरोध होता. पण तो शेवटपर्यंत टिकला नाही. मरीचे पैसे त्याने कर्ज काढून परत केले. ज्याने मित्राचे नाव न घेता मित्राची आठवण राखली, त्याच्याच डोळ्यांदेखत दुसऱ्या मित्राचे शब्द राख झाले. १८३० व १८३१ मध्ये त्याने बायरनचे चरित्र दोन खंडांत लिहिले, आणि १८३१ मध्येच १७९८च्या बंडातील लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्डचे. ह्या दुसऱ्या पुस्तकात मात्र कसलाही पडदा नव्हता.

१८३५ पासून त्याचा आयर्लंडचा इतिहास प्रसिद्ध होऊ लागला. १८३९ मध्ये रॉयल आयरिश अकादमीत यूजीन ओकरी नावाचे विद्वान जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या ढिगात काम करीत बसले असता मूर तेथे आला. ती पोथ्यांची चळत पाहून त्याने त्यांत काय आहे असे विचारले. ओकरींनी समजावून सांगितले. मूर काही वेळ गप्प राहिला, आणि मग सोबतच्या पीट्री ह्यांच्याकडे वळून म्हणाला की आयर्लंडचा इतिहास लिहावयास घेण्याचा मला अधिकारच नव्हता. हा प्रसंग ओकरींनी नंतर आपल्या व्याख्यानांत सांगितला. मूरच्या चरित्रातील मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा क्षण हा आहे. साठ वर्षांचा, देशाचा राष्ट्रकवी म्हणून गाजलेला मनुष्य आपल्याच पूर्वजांच्या अक्षरांसमोर निरक्षर उभा होता. तीनच वर्षांनी, १८४२ मध्ये, ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल ह्यांनी ‘मेलडीज’मधील गीतांचे आयरिश भाषांतर प्रसिद्ध केले. जुन्या चाली आपल्या भाषेत परतल्या, पण मूरचे शब्द अंगावर घेऊन.

शेवटची वर्षे कठीण गेली. १८११ मध्ये बेसी डाइक ह्या नटीशी त्याने विवाह केला होता. तो संसार सुखाचा होता, पण पाचही मुले आईबापांच्या आधी गेली. धाकटा रसेल ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन भारतात आला, आजारी पडून परतला आणि १८४२च्या नोव्हेंबरमध्ये वारला. ज्या देशाचे कल्पनाचित्र विकून बापाने तीन हजार गिनी मिळविल्या, त्या देशाने मुलगा असा परत पाठविला. थोरला टॉम फ्रेंच परकीय सैन्यात शिरला होता. त्याच्या मृत्यूची बातमी १८४६ मध्ये आफ्रिकेतून आली. पुढे मूरची स्मृतीच गेली. देश दुष्काळात मरत होता, आणि देशाचा गायक विल्टशरमधील स्लोपर्टनच्या घरी काही न आठवता बसून होता. २५ फेब्रुवारी १८५२ रोजी तो वारला. जवळच्या ब्रॉमम गावी त्याचे थडगे आहे. डब्लिनमध्ये १८५७ साली त्याचा पुतळा उभारला गेला, तो सार्वजनिक मुतारीच्या शेजारी असल्याने जॉइसला ‘युलिसिस’मध्ये त्यावर विनोद करता आला.

परंतु मूरला सर्वांत बारकाईने वाचले ते जॉइसने नव्हे. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी शिकविणारे कवी टॉमस मॅकडोना ह्यांनी असा विचार मांडला की आयरिश चाली कानात असलेल्या कवींच्या हातून इंग्रजी पद्याची चालच बदलली. तिच्यात एक लांबट, रेंगाळणारी, इंग्रजीला अपरिचित लय आली. आणि ह्याचा एक दाखला म्हणून त्यांनी मूरचे मध्यरात्रीवरचे गीत पुढे ठेवले. मूरने आयरिश शब्द गमावले, पण आयरिश चालीने त्याचे इंग्रजी वाकविले, असा त्याचा अर्थ होतो. मॅकडोना हे १९१६च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. ३ मे रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मूरविषयीची ती पाने ज्यात आहेत ते त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.